नेहमीचा बिबट्या

अप्पांना कोयनानगरात फोटो काढण्यासारखं काही दिसत नाही. ओझर्डे धबधबा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या नवजाच्या रस्त्याला लागतात. त्यातली पोरं जळवांच्या धाकाने विजार मोज्यांत खोचून, कॅमेरे पोटाशी धरून नेमकी अप्पांच्या फाटकाशी थांबतात. "काका, इथे चापडा कुठे बघायला मिळेल?" अप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठतसुद्धा नाहीत. "इथे काही नाही हो. नुसता पाऊस आहे. तुम्ही अंदमानला जा." तो हिरवागार साप त्या वेळी मागच्या कुंपणावर पडून असतो, आणि काकूंना ते पक्कं ठाऊक असतं, कारण गेले दोन दिवस त्यांनी त्या बाजूला कपडे वाळत घातलेले नसतात.

यात अप्पांचा फारसा दोष नाही. नोकरी पाटबंधारे खात्यात, तीही धरणावर. पावसाच्या कविता आपण वाचल्या, अप्पांनी पाऊस नोंदवहीत वाचला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारं पाणी रोज सकाळी मोजून ज्याने वर कळवलं आहे, त्याला धुक्यात रोमँटिक काय दिसणार? धुकं म्हणजे पातळीची पट्टी नीट न दिसणं. इथला पाऊस त्यांनी फक्त एकाच कारणासाठी मनावर घेतला, आणि ते म्हणजे महाबळेश्वर. पेपरात कोयना, नवजा, महाबळेश्वर असे तिन्ही आकडे शेजारी छापून येतात. त्यात नवजा पुढे असेल त्या दिवशी अप्पा दुसरा चहा मागतात.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून त्यांनी कॅमेरा घेतला, आणि त्याला 150-600ची, दोन किलो वजनाची लेन्स. तेव्हापासून त्यांची निसर्गाची व्याख्या कडक झाली. ज्याला विमानाचं तिकीट, परवाना आणि उलटीची गोळी लागत नाही, त्यावर शटर वाया घालवायचं नाही. शेकरू? ते फणस नासवतं. धनेश? तो सकाळी उंबरावर ओरडतो, झोपू देत नाही. मात्र चिडिया टापूच्या एका कावळ्याचे त्यांच्याकडे एकूण चौदा फोटो आहेत. तो अंदमानचा कावळा आहे.

अंदमानचे त्यांचे फोटो मी पाहिले आहेत. राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त चांगला आहे. समुद्र तेवढा डावीकडे कलंडला आहे, इतका की आणखी थोडा वेळ पाहिलं तर पाणी सांडेल. जन्मभर पाण्याची पातळी मोजलेल्या माणसाकडून हे व्हावं! तसं म्हटलं तर अप्पा म्हणतात, "बोट हलत होती." फोटो जमिनीवरून काढलेला आहे, पण त्याचंही उत्तर तयार असतं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटेच्या भूकंपापासून कोयनानगरला धक्क्यांची इतकी सवय झाली आहे की भांडी वाजली तर लोक आधी मांजर कुठे आहे ते बघतात. अप्पांनी मात्र ती सवय कामाला लावली. कुठलाही फोटो अस्पष्ट आला की, "शटर दाबलं तेव्हा बारीकसा धक्का होता."

"अहो, पण हा तर अंदमानचा."

"अंदमान पाचव्या झोनमध्ये," अप्पा म्हणतात. "आपण चौथ्याच."

पुढचा हिवाळा स्पितीचा. हिमबिबट्यासाठी फेब्रुवारीत किब्बरला जायचं. कुंजुम खिंड बर्फाने बंद असते, म्हणून शिमला-किन्नौरच्या बाजूने उलटा वळसा. किब्बर साधारण 4200 मीटर उंचावर, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर. थंडीत बॅटऱ्या बघता बघता उतरतात, त्या अंगाच्या उबेला ठेवाव्या लागतात, असं कळल्यावर काकूंनी अप्पांच्या बंडीला आतून दोन चोरखिसे शिवून दिले. एकात बॅटऱ्या, दुसऱ्यात आल्याच्या वड्या. कड्यासमोर दुर्बीण रोखून बसलेल्या ग्रुपमध्ये अप्पा दर अर्ध्या तासाने छातीत हात घालत, आणि बॅटरीऐवजी वडी हाताला लागली की ती खात. शेजारच्या बंगळूरच्या डॉक्टरांना वाटलं, यांना हृदयाचा काही त्रास आहे.

त्या सहलीतली एक गोष्ट अप्पा हसत हसत सांगतात. ज्या घरात उतरले होते, त्या घरधन्याने संध्याकाळी बुखारीपाशी त्यांचा मोबाइल बघायला मागितला. अप्पांनी दिवसभराचं बर्फ दाखवलं. त्याने ते भराभर सरकवलं. बर्फ काय, दाराबाहेर होतंच. मग बोट कुठेतरी चुकलं आणि धरणाचे सहाही दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ लागला. मुलाला पाठवण्यासाठी काकूंनी तो कधीतरी काढला होता. घरधनी उठून उभा राहिला. बायकोला हाक मारली, मग शेजाऱ्याला, मग शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला. स्पितीत पावसाळी ढग पोचतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या सगळ्यांनी ते पाणी पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि म्हातारीने मोबाइलला नमस्कार केला. "बिचारे," अप्पा म्हणतात. "हिमबिबट्याच्या देशात राहतात आणि बघतात काय, तर आपलं धरण!" हे सांगताना त्यांच्या पाठीमागे उंबरावर धनेश बसलेला असतो, हे मी दोनदा बोटाने दाखवून पाहिलं आहे. अप्पा बोटाकडे बघतात.

गणपतीत वसाहतीच्या मंडळाने अप्पांचा स्लाइड शो ठेवला. पडदा म्हणून चादर. पहिलाच फोटो किब्बरच्या उताराचा होता. बर्फ करडा आला होता. याला शास्त्र आहे आणि ते अप्पांना पाठ आहे. कॅमेरा समोरच्या कुठल्याही दृश्याची सरासरी मध्यम करड्यावर आणून ठेवतो. समोर सगळंच पांढरं असेल तर तो उजेड जास्त समजतो आणि फोटो काळवंडतो. म्हणून बर्फात एक्स्पोजर एक-दोन स्टॉप वर न्यायचं. हे अप्पा सहलीहून परतल्यावर शिकले. अंधारातून एक निवृत्त मुकादम ओरडले, "ही आपली भित्ताड की वो! गेट कुटं गेली?"

हशा ओसरायच्या आत अप्पांनी हिमबिबट्या लावला. म्हणजे डोंगर लावला. डोंगरावर लाल रंगाचा बाण होता. बाण मोठा, बिबट्या लहान. पोरं चादरीपाशी जाऊन बोट लावू लागली. एकाला तो दगड वाटला, दुसऱ्याला दोन बिबटे दिसले. अप्पा छडी घेऊन पुढे झाले, "हे शेपूट—" आणि ज्या गावच्या पाण्यावर 1960 मेगावॅट वीज तयार होते त्या गावची वीज गेली. जनरेटर आरतीपुरता होता.

आता तो बिबट्या. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली जाहीर झाला. त्याआधीपासून कोयनेचं अभयारण्य होतं, आणि जंगली जनावरांना आपली हद्द कागदावर बघायची सवय नाही. स्लाइड शोच्याच वर्षी, दिवाळीच्या मागेपुढे, कुत्र्याच्या मागावर एक बिबट्या वसाहतीत आला आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बराच वेळ बसला. दिव्याच्या खांबाखाली, पिवळ्याधमक उजेडात, फोटोसाठी बसतात तसा. सगळी वसाहत खिडक्यांना लागली. मी अप्पांना फोन केला. त्यांचं घर टाकीच्या समोरच.

"अप्पा, टाकीवर बिबट्या!"

"हो, बघितला काकूंनी."

"अहो, मग कॅमेरा काढा!"

"तो आपला नेहमीचाच हो," अप्पा म्हणाले. "मी स्पितीचे फोटो लावतोय. त्या बाणाचा रंग बदलू का, पिवळा बरा दिसेल?"

मला तेव्हा राग आला होता. नंतर वाटलं, अप्पा काही एकटे नाहीत. पगार मिळाला त्या जागेकडे माणसाला मान वर करून बघता येत नाही. माथेरानचा घोडेवाला सुट्टी काढून गोव्याला जातोच की. माझी तक्रार एवढीच होती की लेन्स दोन किलोची होती.

आणि ती लेन्स आजारी पडली. फोटोंवर एक पांढुरका पडदा येऊ लागला. स्पितीच्या शेवटच्या फोटोंतही तो होता. अप्पा त्याला 'हिमालयातलं वातावरण' म्हणत. पण नातवाच्या बारशातही तेच वातावरण आल्यावर आम्ही दोघं पुण्याला, तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागच्या काचेतून बारीक टॉर्च मारला आणि आम्हाला पुढून बघायला सांगितलं. आत कडेपासून मध्याकडे पांढरे तंतू निघाले होते, फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांद्या.

"बुरशी," तो म्हणाला. "राहायला कुठे, काका?"

"कोयनानगर."

"मग बरोबर. हवेत साठ-पासष्ट टक्क्यांवर दमटपणा राहिला की काचेवर ही धरते. कपाटातली आर्द्रता चाळीस-पंचेचाळीसवर ठेवायला पाहिजे."

"स्पितीत लागली असेल," अप्पा आशेने म्हणाले.

"तिथली हवा सुकी असते. ही घरचीच."

अप्पांनी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. इथल्या कुठल्याही झाडाकडे त्यांना इतकं निरखून बघताना मी पाहिलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याने तोवर झूमची रिंग फिरवली. ती करकरली. फटीतून पांढरी पूड निघून कागदावर पडली.

"ही अंदमानची वाळू!" अप्पा म्हणाले.

त्याने ती बोटावर घेऊन चोळली. "वाळू नाही. कोंडा आहे. तांदळाच्या डब्यात ठेवत होता का?"

"दमट लागू नये म्हणून."

"असं करू नका काका. ओल थोडीच कमी होते, धूळ मात्र आत जाते. सगळं खोलावं लागेल." त्याने बिलाचं पुस्तक ओढलं, एक आकडा लिहिला, आणि बोट नाकाशी नेलं. "वास चांगला आहे हो. इंद्रायणी?"

"इंद्रायणीच. घरचा आहे," अप्पा म्हणाले, आणि आकड्याकडे बघून जरा पुढे वाकले. "दहा किलो पाठवतो. तेवढं बिलाचं बघा काहीतरी."