उलटा हिशेब

बावखलाच्या काठावर शेवाळ असतं, हे वसईत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी मी घसरलो. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे खाट. त्यातल्या चार रविवारी चर्च अंतरलं.

आजाऱ्याला रविवारच्या मिस्साचं बंधन नाही, असं फादरांनी फोनवर सांगितलं. मुलानं मोबाइलवर मिस्सा लावून दिली. सोय चांगली, पण धोक्याची. प्रवचन पुढे सरकवता येतं, हे माझ्या अंगठ्याला पहिल्याच रविवारी कळलं. शांतीचा नमस्कार करायची वेळ आली, तर शेजारी उशी.

मग ठरवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांतच ख्रिस्त शोधू. संत मार्टिननं आमियाँच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला आणि रात्री स्वप्नात तोच तुकडा पांघरलेला ख्रिस्त दिसला, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली. माझ्याकडे तर देण्यासारखं काहीच नव्हतं; लोकच काहीबाही घेऊन येत होते. कोळीण मावशी बोंबील टोपलीतून काढत म्हणाली, “पैशाचं मागून बघू, आधी पाय टेकव.” तिच्यात तो लगेच सापडला. पलीकडच्या काकांशी कुंपणावरून चार वर्षं अबोला. त्यांनी केळ्यांचा लोंगर ओट्यावर ठेवला आणि न बोलताच परत गेले. तिथे शोधायला मला जरा कष्ट पडले. केळी मात्र गोड निघाली.

एका दुपारी मत्तयचा 25वा अध्याय उघडला. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. या सहा जणांची केलेली सेवा राजा आपल्याच खात्यावर जमा धरतो. आजवर हा उतारा मी उभ्यानं, भेटायला जाणाऱ्याच्या बाजूनं वाचला होता. खाटेवरून वाचला आणि दचकलो. पाचवा मीच की! म्हणजे शोधायचं काम माझं नव्हतंच. ते येणाऱ्यांचं होतं, आणि त्यांना तो माझ्यात शोधायचा होता. बिचारे!

त्याच सकाळी चहात साखर कमी म्हणून मी बायकोवर खेकसलो होतो. काका ओट्यावरूनच का परतले, तेही आता जरा उमजलं.

प्लास्टर निघायला अजून दोन आठवडे आहेत. भेटायला येणार असाल तर संध्याकाळी, माझा चहा झाल्यावर या. तेव्हा मी त्यातल्या त्यात बरा असतो.