जागा आहे, स्क्रू नाही

नव्या लॅपटॉपवर, हात टेकतो त्या भागात, स्टिकरांची रांग असते. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कुठलं, स्पीकर कोणी सुधारले, सगळं तिथे कळतं. आत दुसरी हार्डडिस्क बसते की नाही, हे मात्र त्या रांगेत नसतं. खोक्यावर नसतं, दुकानातल्या किमतीच्या पाटीवर नसतं आणि विक्रेत्याला विचारलं तर तो "एक्सपांडेबल आहे सर" एवढंच म्हणतो. काय वाढवता येतं, किती, कुठे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. माझी तक्रार इथून सुरू होते, आणि ती किरकोळ म्हणून सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोज, ड्रॉइंगची सॉफ्टवेअर्स, थ्रीडी मॉडेल्स आणि रेंडरिंगच्या फायली, एवढ्यात ती भरते. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज तिथली निळी पट्टी लाल करतं. ती लाल पट्टी बघून मुलीने मला विचारलं, "मामा, पहिल्या वर्षाचं सगळं उडवून टाकू का?" मला हा प्रश्न फार लागला. रात्र रात्र जागून काढलेलं काम, कुठेतरी ऐंशी मिलिमीटरची जागा मिळत नाही म्हणून विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने का पुसावं?

लोक सांगतात, बाहेरची हार्डडिस्क घ्या. ती घरी टेबलावर ठीक आहे. पण गर्दीच्या लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप आणि त्याला वायरने लोंबणारी डिस्क, अशी ती मुलं काम करतात. एक धक्का लागला की वायर निघते, उघडी फाइल बिघडते. क्लाउडचंही तेच. हॉस्टेलच्या वायफायवरून चाळीस जीबीचा प्रोजेक्ट वर चढवून बघावा म्हणजे कळेल. डिस्क यंत्राच्या आतच हवी, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी जागा केलेलीही असते. म्हणून तर राग येतो.

पूर्वी हे काम सोपं होतं. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असायचा आणि बहुतेक मॉडेल्समध्ये तो तळाच्या एका स्क्रूने धरलेला असायचा. स्क्रू काढायचा, ड्राइव्ह बाजूने ओढून घ्यायचा, त्याच्या जागी कॅडी सरकवायची. कॅडी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्या मापाची चौकट, तिच्यात अडीच इंची हार्डडिस्क बसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, या कॅडी दुकानादुकानांत टांगलेल्या असत. त्यांत दोन जाड्या होत्या, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर. दुकानदार विचारायचा, "जाडा की पातळ?" जुना ड्राइव्ह सोबत नेला की प्रश्न मिटला. डीव्हीडी ड्राइव्हचा वीज देणारा जोड सहा पिनांचा आणि हार्डडिस्कचा पंधरा पिनांचा, हा फरकही कॅडी आतल्या आत सांभाळायची. जुन्या ड्राइव्हची पुढची पट्टी काढून कॅडीला लावली की बाहेरून काही बदललंय हे कळायचंही नाही. सामान्य माणसाला जमेल असं हे काम होतं, आणि ते त्याला जमतं याचा त्या गल्लीला अभिमान होता.

मग लॅपटॉप पातळ झाले आणि डीव्हीडी गेली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, डीव्हीडी कोणी वापरत नव्हतं. पण तिच्याबरोबर ती सहज हाताला लागणारी जागाही गेली, आणि तिच्याऐवजी जे आलं त्याची माहिती घरच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

आता आहे एम.२. च्युइंग गमच्या पट्टीएवढी ही एसएसडी मदरबोर्डवरच्या खाचेत तिरकी घालून आडवी दाबायची असते. तिच्या नावातले आकडे म्हणजे तिची मापं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० या तिच्या आखूड बहिणी. इथपर्यंत समजायला सोपं आहे. खरा घोळ पुढे आहे. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या दोन पट्ट्या असतात. एक सॅटा पद्धतीने बोलते, दुसरी एनव्हीएमई पद्धतीने. सॅटावाल्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला बहुधा एक, पण या "बहुधा"वर भरवसा ठेवून पैसे मोजता येत नाहीत. लॅपटॉपमधला दुसरा स्लॉट कधी फक्त सॅटा ओळखतो, कधी फक्त एनव्हीएमई, कधी दोन्ही. चुकीची पट्टीसुद्धा पुष्कळदा त्याच स्लॉटमध्ये नीट बसते. दुकानदार "बसेल ना" म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो. ती बसते. फक्त चालत नाही. लॅपटॉप सुरू होतो, काही जळत नाही, कुठला संदेश येत नाही, आणि डिस्क दिसत नाही. डिस्क बिघडलेली, स्लॉट बिघडलेला, की दोघांची भाषाच वेगळी, हे यंत्र सांगत नाही. मदरबोर्डवर स्लॉटशेजारी तेवढी अक्षरं छापायला अडचण काय आहे? तिथे आधीच इतके बारीक आकडे छापलेले असतात की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत.

ही माहिती कुठेच नसते असंही नाही. लेनोवो, डेल आणि एचपी आपल्या पुष्कळ मॉडेल्सची सर्व्हिस मॅन्युअल्स सर्वांसाठी खुली ठेवतात. ती चांगली असतात. कुठला स्क्रू आधी काढायचा, बॅटरीचा जोड केव्हा सोडवायचा, कुठली पट्टी कुठे बसते, चित्रांसकट सगळं असतं. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण शंभरेक पानांच्या इंग्रजी पुस्तकात असलेली एक ओळ खोक्यावर का येऊ नये?

शिवाय त्या पुस्तकातही एक फाटा असतो. एकाच नावाचं मॉडेल दोन तऱ्हांनी विकलं जातं. एकात मोठी बॅटरी, आणि ती अडीच इंची डिस्कची जागा खाऊन टाकते. दुसऱ्यात लहान बॅटरी आणि डिस्कची जागा मोकळी. नाव तेच, रंग तोच, दुकानातली पाटी तीच. फरक असतो तळाच्या लेबलावरच्या लांबलचक पार्ट नंबरात. आणि जागा मोकळी मिळाली तरी तिच्यातून मदरबोर्डपर्यंत जाणारी चपटी केबल आणि डिस्क धरणारी चौकट बऱ्याचदा दिलेली नसते. घराला माळा बांधून शिडी न देण्याचा हा प्रकार आहे. ती केबल त्या मॉडेलपुरतीच असते, दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपची चालत नाही, म्हणून गल्लीत मिळत नाही. ऑनलाइन मागवावी तर फोटोत एक आणि पाकिटात दुसरीच निघते.

आणि मग तो स्क्रू. एम.२ पट्टी खाचेत घातली की तिचं दुसरं टोक वर उठून राहतं. ते दाबून धरायला एकच स्क्रू लागतो. दोन मिलिमीटर जाडीचा, साधारण तीन मिलिमीटर लांबीचा, चपट्या डोक्याचा. डेस्कटॉपचा मदरबोर्ड घेतला तर त्याच्या खोक्यात हा स्क्रू छोट्या पिशवीत येतो. लॅपटॉपच्या रिकाम्या स्लॉटवर तो अनेकदा नसतो. एसएसडीच्या डबीत असतो तर असतो, नाही तर नाही. मला हे कोणीतरी समजावून सांगावं. स्लॉट दिला, त्याच्यापर्यंत तांब्याच्या रेषा नेल्या, स्क्रूसाठी पितळी खुंटी बसवली, आणि शेवटचा स्क्रू तेवढा वगळला. एवढ्या महाग यंत्रात एवढीशी वस्तू वाचवून कोणाचं काय भलं झालं?

हार्डवेअरच्या दुकानात हा स्क्रू मिळत नाही. तिथे तीन मिलिमीटरच्या खाली कोणी जात नाही. काही लोक पट्टीवर चिकटपट्टी लावतात. ती तापल्यावर सुटते आणि पट्टी खाचेत हलते. काही जण झाकणाचाच एखादा स्क्रू वापरतात, आणि तो लांब असला तर पलीकडे घुसतो. आमचा स्क्रू शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाकडे मिळाला. त्याच्याकडे मेलेल्या फोन-लॅपटॉपमधून काढलेल्या स्क्रूंचा एक डबा आहे. त्याने चिमट्याने पाच-सहा स्क्रू खुंटीवर लावून पाहिले, बरोबरचा बसवला आणि पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या काका, एका स्क्रूचे काय घ्यायचे." भंगारातून वेचणाऱ्या त्या मुलाला जे कळलं, ते कारखान्यात कोणाला कळू नये?

झाकण उघडण्याबद्दलही बोललं पाहिजे. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले असतात. ते पाय एकदा उपटले की पुन्हा तसे चिकटत नाहीत. एका सर्व्हिस सेंटरमध्ये आम्हाला तोंडी सांगण्यात आलं की झाकण आम्ही उघडलं तर चालेल, तुम्ही उघडलं तर वॉरंटी जाईल. हेच लिहून द्या म्हटल्यावर कोणी लिहून दिलं नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की आमचेच सुटे भाग किंवा आमचीच सेवा वापरा, नाही तर वॉरंटी गेली, असं ग्राहकाला सांगणं सर्वसाधारणपणे कायद्यात बसत नाही. तो कायदा १९७५चा आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून. चांगलं केलं. पण त्या काउंटरवरच्या माणसापर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही.

डिस्क बसल्यावरही ती लगेच दिसत नाही. नवी कोरी डिस्क 'धिस पीसी'मध्ये येत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून तिला इनिशियलाइज करावं लागतं, एमबीआर की जीपीटी ते निवडावं लागतं (जीपीटी निवडा, एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही), मग व्हॉल्यूम, मग अक्षर. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, कारण बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ने. एवढं सगळं होईपर्यंत कित्येकांना वाटतं डिस्क बाद निघाली, आणि ते ती परत करून येतात.

मी मागतोय ते अशक्य नाही. २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी लॅपटॉपसोबत खोक्यातच स्क्रूड्रायव्हर देते आणि आतल्या भागांवर क्यूआर कोड छापते, की हा काय आहे ते स्कॅन करून बघा. दुसऱ्या बाजूला २०१६च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये एसएसडी मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आली, म्हणजे वाढवायचा प्रश्नच मिटवला. बाकीच्यांनी यातली कुठली वाट धरायची हे अजून पूर्ण ठरलेलं नाही, आणि म्हणूनच विकत घेणाऱ्यांनी आत्ता बोललं पाहिजे.

जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात, तेव्हा घरोघरी लॅपटॉप घेतले जातात. घेताना विचारा: दुसरा स्लॉट आहे का, कुठल्या लांबीचा, सॅटा की एनव्हीएमई, आणि स्क्रू किंवा केबल आत आहे का. उत्तर पार्ट नंबरासकट बिलावर लिहून मागा. एक दुकानदार लिहून देत नसेल तर शेजारच्या दुकानात जा, तोही देत नसेल तर त्याच्या पुढच्या.