विवेक आणि खड्डे

मारिओ नामक जो मिशाळ प्लंबर १९८१ साली ‘डाँकी काँग’ या खेळात सुताराच्या वेषाने प्रथम अवतरला, आणि ज्याला मिशी मिळाली ती पौरुषाचे लक्षण म्हणून नव्हे, तर मोजक्या ठिपक्यांत नाक कोठे संपते हे दाखवता यावे म्हणून, व टोपी मिळाली ती केस रेखाटण्याचे श्रम वाचावेत म्हणून, त्याला १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या नावाची स्वतंत्र जहागीर बहाल झाली. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी आखलेल्या या मुलखात आठ परगणे, दर परगण्यात चार मौजे, आणि चौथ्या मौज्यात हटकून एक किल्ला. त्या किल्ल्यातल्या राक्षसाचा बंदोबस्त करून विजयी मुद्रेने पुढे जावे, तो एक नम्र सेवक सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. ज्याने जन्मात एकदा तरी सरकारी कचेरीत अर्ज गुदरला आहे, त्याला या उत्तराचे नवल वाटू नये.

हा अवघा कारभार ४० किलोबाइटांत चालतो. माझ्या बदलीचा हुकूम ज्या फायलीतून येतो ती याहून कितीतरी वजनदार असते, आणि तिच्यात एकही राक्षस नसतो. काटकसर तरी किती? आकाशातला ढग व जमिनीवरचे झुडूप ही दोन्ही एकच आकृती असून केवळ रंग बदलून तिला दोन ठिकाणी नेमणूक दिलेली आहे. आयुष्य हिशेब खात्यात गेल्यामुळे असेल, पण या दुहेरी नेमणुकीचे मला बालपणी न वाटलेले कौतुक आता वाटले.

बालपणी, म्हणजे बंगळुरातल्या नव्वदीच्या दशकात, आमच्या घरी जे यंत्र होते ते मूळ जपानी यंत्राची नक्कल होते, आणि त्याच्या कॅसेटवर लाखो खेळांचे अभिवचन छापलेले असून आत तेच ते पाचसहा खेळ वेषांतर करून बसलेले असत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारावी, हा उपचार आमच्या पिढीला कोणी शिकवल्याचे स्मरत नाही. तो उपजतच असावा. तेच यंत्र माळ्यावरून काढून नव्या सपाट दूरचित्रवाणी संचाला जोडण्याची बुद्धी मला पंचेचाळिशी उलटल्यावर झाली, आणि त्यासाठी एस. पी. रोडवरील गल्ल्या धुंडाळून एक जोडणीची डबी आणली. मारिओ माझ्या आज्ञेनंतर किंचित विलंबाने उडी मारी. सपाट संच चित्रावर संस्कार करण्यात क्षणभर घालवतात, हे खरे असल्यामुळे मी सर्व अपयशाचा ठपका निःशंकपणे संचावर ठेवला. परंतु भाच्याने कोठूनसा एक जुना, पोट सुटलेला, काचेच्या नळीचा संच पैदा करून आणला, आणि त्यावरही मी त्याच खड्ड्यात पडलो, तेव्हा माझा एकमेव साक्षीदार फितूर झाला.

विचारान्ती दिसले ते असे की दोष वयाने आलेल्या विवेकाचा आहे. या खेळात चालत मारलेली उडी आखूड पडते आणि धावत मारलेली दूर जाते, त्यामुळे रुंद खड्ड्यापाशी थबकून अंदाज घेणारा गृहस्थ बहुधा त्याच्या तळाशी जातो व डोळे मिटल्यागत धावणारे कार्टे सुखरूप पलीकडे पोचते. आता मी या शहरात इतकी वर्षे पायी हिंडलेला मनुष्य. येथील पदपथांवरची प्रत्येक फरशी खाली गटार आहे असे गृहीत धरून, आधी टाच, मग पाऊल, मग देवाचे नाव, या क्रमाने टाकायची, हे व्रत ज्याच्या अंगी मुरले त्याने एकाएकी धावण्याचे बटण दाबून धरावे, ही अपेक्षा अमानुष आहे. त्यात मुदतीचा जाच! पडद्यावर बहुतेक मौज्यांत ४०० किंवा ३०० असा आकडा लिहिलेला असतो, पण ते सेकंद नव्हेत. तो आकडा सेकंदाहून अडीचपट वेगाने घसरतो, म्हणजे ४००ची मुदत प्रत्यक्षात दोन मिनिटे चाळीस सेकंदांची. सिल्क बोर्डाच्या चौकात तेवढ्या अवधीत गाडीचे चाक एकदाही फिरत नाही, आणि येथे तेवढ्यात अख्खा मौजा पार करायचा. मागे वळून चूकभूल पाहण्याचीही सोय नाही, कारण पडद्याची डावी कड फाटकासारखी मागोमाग बंद होत येते.

भाचा आउटर रिंग रोडवरच्या कंपनीत संगणकतज्ज्ञ आहे. त्याने मला तिसऱ्या परगण्यातील पहिल्या मौज्याच्या शेवटी पायऱ्यांवर कासवाची पाठ कशी वारंवार तुडवायची व दर खेपेस एकेक जीव कसा पदरात पाडायचा, ते दाखवले. शिल्लक दहावर गेली की आकड्याच्या जागी मुकुट उमटतो; मी हावरटासारखा तुडवीत राहिलो.

“मामा, पुरे आता,” तो घाबरून म्हणाला. “यंत्राच्या वहीत १२७ पर्यंतच जमेचा आकडा मावतो. त्यापुढे शिल्लक उणे धरली जाते, आणि मग एकदा मेलात की खेळच खलास.”

त्याला हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा प्रमाद वाटत होता. मी त्याला समजावले की अतिशिलकीने दिवाळे निघणे हे हिशेबाच्या दृष्टीने सर्वस्वी नियमास धरून आहे. खात्याला मिळालेले अनुदान मार्चअखेर खर्ची पडले नाही तर तेही असेच लयाला जाते, आणि अनुभवी अधिकारी फेब्रुवारीतच उधळपट्टीस लागतो. मग मी चौथ्या परगण्यात जाऊन शिल्लक खर्ची घालण्यास आरंभ केला. त्या कामी मला विशेष प्रयास पडले नाहीत.