नावापुरता बर्गर

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सुमारे ३०० ठिकाणी एकदम ‘मिस्टरबीस्ट बर्गर’ मिळू लागला. एवढी हॉटेलं बांधली कधी? छे, बांधतो कोण! भटारखाना आधीच चालू असलेल्या दुसऱ्याच हॉटेलाचा, आचारीही तिथलाच, घरपोच आणणारा तिसऱ्याच ॲपचा. यूट्यूबर जिमी डोनाल्डसन ऊर्फ ‘मिस्टरबीस्ट’ यांचं फक्त नाव. कल्पना नामी होती: भांडवल म्हणजे चाहते, आणि चाहत्यांना भूक ही लागतेच. पुढे बर्गर कच्चा निघाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा शिव्याही अर्थातच नावालाच पडल्या. आचाऱ्याला कोण ओळखतं? म्हणून २०२३ मध्ये डोनाल्डसन यांनी हा धंदा चालवणाऱ्या भागीदार कंपनीवर दावा ठोकला. कंपनीने उलट १० कोटी डॉलरचा ठोकला. वकिलांनी मात्र आपापलीच ऑफिसं वापरली असावीत.