पूर्णगडावर एका फोटोत दोन फोटो कसे बसवावेत

साहित्य: मल्टिपल एक्स्पोजरची सोय असलेला कॅमेरा, ट्रायपॉड आणि सांगितलेल्या जागी गप्प उभा राहणारा एक नातेवाईक. पहिल्या दोन वस्तू रत्नागिरीत मिळतात.

पावस ओलांडून पूर्णगडला यावं, मारुतीला नमस्कार करून दरवाजाशी थांबावं. वर गणपती आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र कोरलेले आहेत. दिवस आणि रात्र एकाच चौकटीत बसवण्याचं काम पाथरवटानं कॅमेऱ्याशिवाय उरकलंय, तेव्हा फार ऐट करू नये.

आता उजेडाची वाटणी. एका चौकटीत दोन एक्स्पोजर घ्यायची, तर प्रत्येकाला निम्मा उजेड, म्हणजे एक स्टॉप कमी. चार घ्यायची तर प्रत्येकी पाव, म्हणजे दोन स्टॉप कमी. कोकणात हे वेगळं शिकवावं लागत नाही. कॅमेऱ्यात ‘ॲव्हरेज’ लावलं तर तो तलाठ्याविना वाटणी करून देतो. ‘ॲडिटिव्ह’ लावलं तर हिशेब आपला आणि भांडणही आपलंच. काही कॅमेरे एका चौकटीत नऊपर्यंत एक्स्पोजर घेऊ देतात. घेऊ नयेत. सातबाऱ्यावर नावं वाढली की जमीन कुणाचीच राहत नाही.

नवशिका हमखास तटावर चढतो आणि मुचकुंदीच्या खाडीवर समुद्र चढवतो. भर दुपारी खाडी पांढरी, समुद्र पांढरा, आभाळही पांढरं. ताकात ताक ओतल्यासारखा फोटो येतो. दुसरं चित्र उमटतं ते पहिल्यातल्या अंधारात, हे ध्यानात ठेवावं.

म्हणून काकांना तटावर आभाळासमोर उभं करावं. आभाळ पांढरं पडेल पण काका काळेच राहतील, एवढाच उजेड घ्यावा. मग ‘ॲडिटिव्ह’मध्येच जांभ्याच्या भिंतीचा जवळून फोटो घ्यावा. दगड नेमका काकांच्या आकारात भरतो आणि पोटाच्या जागी बुरूज उभा राहतो. हा प्रयोग काकूंवर करू नये. जांभ्याला भोकं असतात.

माणसं कमी पडली, तर एकालाच दोनदा वापरावं. दादासाहेब फाळक्यांनी 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंक्यांकडूनच करून घेतले होते. ट्रायपॉड न हलवता दरवाजाच्या आतल्या काळोखासमोर काकांना आधी डावीकडे, मग उजवीकडे उभं करावं आणि उन्हातला दगड चौकटीबाहेर ठेवावा. इथे उजेड निम्मा करायचा नाही. काळोख हिस्सा मागत नाही.

जुन्या अग्फा क्लिक थ्रीला हे काहीच लागत नसे. रोल पुढं सरकवायला विसरलं की लग्नातल्या आत्या बारशाच्या पाळण्यात आपोआप अवतरायच्या.

फोटो घरी दाखवल्यावर आजोबा म्हणतील, ‘‘हललाय रे हा.’’ ‘‘हो’’ म्हणावं. खुलासा करायला बसलं की चहा गार होतो, आणि आजोबा पुढच्या पाहुण्याला सांगतात ते सांगतातच, की पोराला एवढा महागाचा कॅमेरा घेऊन दिला, पण हात स्थिर नाही.