गाण्याखालची चुंबळ

खोकं लहान होतं, पण हाताला जड लागलं. कुरिअरवाल्याकडून ते बायकोनेच घेतलं होतं, त्यामुळे बिलही आधी तिनेच वाचलं.

"चार नग पाय," ती म्हणाली. "कुणाचे?"

"टर्नटेबलचे."

"त्याला नव्हते?"

होते. काळे, रबरी, चांगले चार. गेली अकरा वर्षं ते बिनतक्रार उभे होते, आणि हे खरं असल्यामुळेच मला उत्तर सुचेना. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्याकडे ते बिलात दिसले. एका पायाच्या किमतीत माणसाच्या पायांसाठी बऱ्यापैकी चपलांचे दोन जोड आले असते, हेही त्याच कागदावर दिसलं.

हे पाय कशाला, हे सांगायचं तर आधी सुईचे हाल सांगावे लागतील. बारा इंची एलपीच्या एका बाजूवर एकच खाच असते, गोल गोल फिरत आत जाणारी. वीस मिनिटांची बाजू असेल तर ती उलगडून साधारण चारशे मीटर भरते. रुंदीला ती केसाच्या आसपासची. त्या खाचेच्या भिंतींवर गाणं कोरलेलं असतं. जोरकस जागी सुई मिलिमीटरचा काही शतांश भाग हलते, हळुवार जागी हजाराव्या भागाहूनही कमी. सुईला कळतं ते एवढंच, की आपण हललो. किशोरीताईंच्या मींडेने हललो की स्वयंपाकघरात कुणी फडताळ आपटलं म्हणून हललो, असला भेदभाव तिच्यापाशी नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर खाच इतकी ऐसपैस वळणं घेईल की तबकडीवर गाणं मावायचं नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि ऐकताना ॲम्प्लिफायर तो उचलून जागेवर आणतो. किती दाबायचा आणि किती उचलायचा याचं कोष्टक 1954 सालापासून ठरलेलं आहे. 20 हर्ट्झपाशी मधल्या स्वरांच्या मानाने जवळजवळ नऊपट उचल असते. त्या उचलीत तंबोऱ्याचा खर्ज जसा वर येतो, तसाच नातवाने दिवाणावरून मारलेल्या उडीचा धप्प आवाजही वर येतो. तोही नऊपट.

नातू सहा वर्षांचा. दिवाण टर्नटेबलपासून चार फुटांवर. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी लावली होती. बागेश्री विलंबितात निवांत चालली असताना चिरंजीवांनी लंकेकडे उड्डाण केलं. शोकेस हललं, सुईने चर्रकन खाच सोडली आणि ती थेट द्रुतात जाऊन बसली.

"आजोबा, गाणं फास्ट झालं!" तो आनंदाने ओरडला. उस्तादांना जी बढत करायला वीस मिनिटं लागतात, ती त्याने एका उडीत केली होती.

बाजारातून पाय आणण्याआधी मी घरगुती उपाय करून पाहिले, हे माझ्या बाजूने नोंदवलं पाहिजे. चार रबरी चेंडू अर्धे कापून पालथे घातले. मग कुणीतरी सांगितलं की सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून फळीखाली ठेवायची, हवेची गादीच ती. पंक्चरवाल्याकडे लहान सायकलची ट्यूब मागितली. "चाक कुठंय?" म्हणाला. चाक नाही, गाणं बसवायचं आहे, असं त्याला सांगायचा धीर झाला नाही. ट्यूब खरंच छान काम करायची. फक्त तिची हवा रोज थोडी थोडी जायची आणि तीही एका बाजूने. गवंड्याची पाणसळ घेऊन मी रोज सकाळी टर्नटेबल समतल करत बसे. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, देवपूजा तरी एवढी नेमाने केली असती."

खरं तर या विद्येत आपलं घराणं जुनं आहे. माझी आजी डोक्यावर हंडा घ्यायच्या आधी लुगड्याच्या धडप्याची गोल चुंबळ करायची. हंडा आणि डोकं यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तबल्याखाली असते ती तीच चुंबळ. चुंबळीशिवाय डग्गा फरशीवर ठेवून वाजवून पाहा, तो बिचारा डुगडुगतो आणि घुमायचं विसरतो. खलबत्त्याखाली गोणपाटाची घडी, मिक्सरखाली जुना नॅपकिन, हलणाऱ्या टेबलाखाली कॅलेंडरच्या कागदाची पट्टी. आमच्या घरात ध्वनिशास्त्रावरचं एकही पुस्तक नसताना ते सगळीकडे आचरणात होतं.

माझं लहानपण पेठेतल्या वाड्यात, माडीवर गेलं. जमीन लाकडी. एक माणूस चालला की देवघरातली समई हलायची. तिथे वडिलांचा एचएमव्हीचा फिएस्टा होता, सुटकेससारखा मिटणारा. त्याला वडिलांनी स्प्रिंगा लावल्या नाहीत की रबर लावलं नाही. त्यांनी नुसते डोळे वटारले. रेकॉर्ड लागली की जो जिथे असेल त्याने तिथेच बसायचं. आई तर दाराच्या उंबऱ्यात हातात परात घेऊन एक अख्खा यमन उभी राहिलेली मला आठवते. कंपन जिथून येतं तिथेच ते अडवावं, असं शास्त्रही सांगतं. वडिलांनी ते मुळाशीच अडवलं होतं.

आमचा आताचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर टाइल्स. या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतलं, आणि तिथल्या जुन्या घरांत जमिनी लाकडी, आमच्या माडीसारख्या झुलणाऱ्या. म्हणून तिकडचे लोक टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर चढवतात. स्पीकरखाली धातूचे अणकुचीदार खिळे लावतात, ते गालिचातून घुसून खालच्या जमिनीला घट्ट धरतात. आपल्याकडे गालिचा नसतो, खिळे टाइलवर ओरखडे काढतात आणि मग त्या खिळ्यांखाली नाणी ठेवावी लागतात. आपला स्लॅब फारसा झुलत नाही. झुलतं ते शोकेस, ज्याच्या वरच्या फळीवर टर्नटेबल आणि खालच्या फळीवर जास्तीच्या पाहुण्यांच्या उशा असतात. हे कळायला मला सहा महिने लागले.

तर या पंथात दोन शाखा. एक खिळेवाल्यांची: यंत्र जमिनीला असं जखडा की त्याने हलूच नये. दुसरी गादीवाल्यांची: यंत्र असं तरंगतं ठेवा की जमीन हलली तरी त्याला कळू नये. दोघेही एकमेकांकडे कीव केल्यासारखं बघतात. टर्नटेबलपुरता मी गादीवाला, आणि त्याला मोठा आधार आहे. 1961 साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी अकूस्टिक रिसर्चच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि सुईचा हात दोन्ही एकाच पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. तबकडी आणि सुई एकत्रच हलल्या तर सुईला वेगळं असं काही कळायचं कारण नाही. एका बाकावर बसून धक्के खाणारे दोघे प्रवासी एकमेकांना स्थिरच दिसतात, तसं.

माझ्या चार पायांतही स्प्रिंगाच होत्या, वरून रबराचं कवच. मोठ्या भक्तिभावाने बसवले. नातवाला मुद्दाम उडी मारायला लावली. (इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला या घरात अशी विनंती झाली होती, त्यामुळे त्याने तीन मारल्या.) आवाज आधीपेक्षा वाईट. स्पीकरचे पडदे तर श्वास लागल्यासारखे आत-बाहेर व्हायला लागले.

चूक पायांची नव्हती, वजनाची होती. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्रत्येक पायावर पाच किलोच्या आसपास भार हवा. माझं टर्नटेबल सहा किलोचं, म्हणजे पायाला जेमतेम दीड किलो. रिकाम्या एसटीत मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. गाडी भरली की पाटे दबतात आणि प्रवास मऊ होतो. रिकामी असली की प्रत्येक खड्डा मणक्यात मोजता येतो. स्प्रिंगचा हिशोब सोपा आहे. भाराने ती एक सेंटिमीटर दबली तर तिचा स्वतःचा झोका सेकंदाला पाच. तीनच मिलिमीटर दबली तर नऊ. त्या झोक्याच्या जवळजवळ दीडपटीपुढची कंपनं स्प्रिंग अडवते, पण झोक्याच्या आसपासची उलट वाढवते. आणि सुईच्या हाताचा स्वतःचा झोका असतो सेकंदाला आठ ते बाराच्या मधला. म्हणजे मी पैसे मोजून नेमक्या दुखऱ्या जागी कोपर मारत होतो.

वजन वाढवायला हवं होतं. फरशीवाल्याकडे गेलो. दोन फूट बाय दीड फूट, पाऊण इंच जाडीचा कडाप्पा मागितला.

"ओट्याला का?"

"नाही, गाण्याला."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "कडा गोल करून देऊ?" धंद्यातल्या माणसाला कशाचंही नवल वाटत नाही. कडाप्पा भरला साडेचौदा किलो. पाय खाली, त्यावर कडाप्पा, त्यावर टर्नटेबल. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. नातवाने उडी मारली. कडाप्पा संथपणे डोलला, पालखी डोलते तसा, आणि बागेश्री जिथे होती तिथेच राहिली. नातू हिरमुसला. मी मात्र त्या क्षणी बिल विसरलो.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण माझा एक मित्र आहे, त्याने ॲम्प्लिफायरखाली पितळी पाय लावले आहेत, सीडी प्लेअरखाली लावले आहेत आणि वीज जिथून येते त्या खोक्याखालीसुद्धा लावले आहेत. "पडदा उठला रे!" असं तो दर वेळी सांगतो. त्याच्याकडे इतके पडदे उठले आहेत की एव्हाना नाटक संपायला हवं होतं. मी त्याच्याकडे बसून लक्ष देऊन ऐकलं. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं मी समजू शकतो. व्हॉल्व्हच्या काचेवर टिचकी मारली तर स्पीकरमधून खरोखर टण् ऐकू येतं. पण ट्रान्झिस्टरच्या डब्याला कंपनाचं फारसं सोयरसुतक नसतं. मला काही फरक ऐकू आला नाही. त्याला तंबोऱ्याच्या तारेवरचं बोट ऐकू आलं. वहिनींना ऐकू आलं ते एवढंच, की कुकरच्या किती शिट्या झाल्या.

स्पीकरखाली मात्र मी पाय बसवले, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. खालच्या मजल्यावर नाना राहतात, ऐंशीच्या पुढचे, एकटे. उभे स्पीकर थेट फरशीवर टेकलेले असले की खर्ज स्लॅबमधून खाली उतरतो. म्हाताऱ्या माणसाला रोज संध्याकाळी आपला त्रास होत असणार, बिचारे बोलत नाहीत, असा विचार करून आणखी आठ पाय मागवले. या वेळी वजन आधी केलं. बिल आल्यावर बायकोला सांगितलं, "नानांसाठी." ती काही बोलली नाही, तेव्हाच मला वाटलं की आपण सुटलो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात नाना, काठी टेकत, दम खात.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. या ना, आत या. का हो?"

"नाही, चार दिवस गाणं बंद आहे, म्हणून म्हटलं वर जाऊन बघावं."

मागे खोलीत गाणं चालूच होतं. नाना थबकले, कान दिला. मग हसले. "म्हणजे मला गाणं कधी ऐकू यायचंच नाही म्हणा. डग्गा यायचा. विलंबित चाललंय म्हणजे वेळ आहे, पडून राहायचं. लय वाढली की उठायचं, दूध तापायला ठेवायचं. तुमचं संपेपर्यंत माझं हळद-दूध होतं. चार दिवस झाले, रोज दूध उतू जातंय."

आता बुधवारी आणि रविवारी ते वरच येतात. दूध बायको देते. टर्नटेबलपासून चार फुटांवरच्या दिवाणावर बसतात, डोळे मिटतात आणि दर समेवर हातातली काठी फरशीवर ठोकतात. कडाप्पा डोलतो, सुई जागची हलत नाही. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजून गेलं होतं, ते मी बदलून आणलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, चाळीस रुपयांना.