डेब्रिज जाळण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
माननीय आयुक्त,
महानगरपालिका, मुंबई

विषय : सार्वजनिक जागेवर साठलेले डेब्रिज उघड्यावर जाळून जागा स्वच्छ करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की, पुनर्विकासाच्या कृपेने शहरात रोज कुठे ना कुठे एखादी इमारत पाडली जाते आणि तिचे अवशेष रात्रीच्या डंपरमधून खाडीकाठी, उड्डाणपुलाखाली, नाहीतर उद्यानासाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर येऊन पडतात. डंपरचा नंबर कोणाला दिसत नाही. ढीग मात्र सगळ्यांना दिसतो. तो हलवायचा म्हणजे निविदा, जेसीबी, मजूर, बिलं आणि त्या बिलांवरच्या हरकती. अर्जदाराकडे यावर एक रुपयाची काडेपेटी आहे.

काँक्रीट जळत नाही, अशी शंका कार्यालयातला एखादा कनिष्ठ अभियंता काढेल. रास्त आहे. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला, तरी उरलेला सांगाडा यंत्रांनी तोडावा लागला आणि मलबा वाहनांतूनच न्यावा लागला. त्याआधी महिनाभर, २८ ऑगस्टला, नोएडाचे जुळे मनोरे काही सेकंदांत कोसळले आणि मागे सुमारे ८०,००० टनांचा ढीग ठेवून गेले. तिथे ३,७०० किलो स्फोटकं लागली होती. तेव्हा काडीने काँक्रीट नाहीसं होईल, असा अर्जदाराचा मुळीच दावा नाही.

मग जळतं काय? हे पाडकामाचा ठेकेदार नीट सांगेल. सळई आधी जाते, ती भंगारवाल्याची. चाळीचे सागवानी वासे, दारं, खिडक्या, मंगलोरी कौलं, सगळ्यांना गिऱ्हाईक असतं. ज्याला कोणीच हात लावत नाही, ते ढिगात येतं : ओल खाल्लेलं प्लायवूड, पीव्हीसीचे पाइप, थर्माकोल, फाटक्या गाद्या, रंगाचे डबे, वायरींची जळमटं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि आग नीट पेटली नाही की डायऑक्सिनही. उघड्यावरची आग नीट पेटत नाहीच. जुन्या तैलरंगातलं शिसं काही धुरातून जातं, काही राखेत बसतं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते पत्रे तापले की फटाक्यांसारखे तडकतात आणि धागे वाऱ्यावर जातात.

थोडक्यात, जे विकलं जात नाही ते हवेत जाईल आणि जे जळत नाही ते जागेवरच राहील. त्यावर मातीचा एक थर टाकला, रोलर फिरवला, की भूखंड सपाट. जागा साफ झाली का, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही, कारण तिथे तोवर पार्किंग झालेलं असतं. कांदळवनात डेब्रिज टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती पुन्हा ठणकावून सांगितली, म्हणून अर्जदाराला कोरड्या जागांचाच आधार उरला आहे.

पूर्वानुभव जोडणं अर्जात आवश्यक असतं. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची क्षेपणभूमी पेटली. कचरा साधाच होता, डेब्रिजचा खास माल नव्हे. तरी धुराचा पट्टा अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाने कचऱ्याची धड व्यवस्था होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असं बजावलं. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला, तोही डेब्रिज कुठे जाणार याच्या अटी घालून.

दुसरा दाखला न्यूयॉर्कचा. तो देताना अर्जदाराला विनोद सुचत नाही. ११ सप्टेंबर २००१ ला कोसळलेल्या मनोऱ्यांचा ढिगारा डिसेंबरपर्यंत आतून धुमसत होता. हवा सुरक्षित असल्याचं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखांनी आठवड्याभरातच जाहीर केलं होतं. मनोरे कोसळले त्या दिवशी शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. नंतरच्या वर्षांत धुळीने आणि धुराने जडलेल्या आजारांनी मेलेल्या जवानांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच आकड्याला पोहोचली. ती आग कोणी परवानगी घेऊन लावली नव्हती.

कायद्याची बाजू. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळपोळीला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. अर्जदार ही रक्कम आगाऊ भरायला तयार आहे. शे-दोनशे डंपरच्या भाड्यापुढे पंचवीस हजार म्हणजे सवलतच, आणि हे गणित शहरातल्या कुठल्याही मुकादमाला तोंडपाठ आहे. उद्या आग भडकली, तर बंब येईलच. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी, ही शहराची रीत अर्जदाराने गृहीत धरली आहे.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पालिकेच्या व्यवस्थेत दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डेब्रिज भरडणारे प्रकल्प उभे राहिले आहेत, प्रत्येकी रोज ६०० टनांचे. ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवाही आहे. घरदुरुस्तीचा ५०० किलोपर्यंतचा माल ती फुकट नेते. आयएस ३८३ हे मानक २०१६ पासून साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत भरड पुनर्वापराची खडी चालवून घेतं. आणि ही खडी आगीत सापडली की बिघडते : सुमारे ३०० अंशांपुढे काँक्रीटची ताकद झपाट्याने घटू लागते. म्हणजे काडी लावणारा मुलूख साफ करत नाही, पुढच्या फुटपाथची खडी नासवतो.

सबब विनंती की, परवानगी द्यायची असल्यास ज्याचा धूर वाऱ्याने आपल्या कार्यालयाकडेच येईल असा ढीग निवडावा. द्यायची नसल्यास पाडकामाला मंजुरी देतानाच ठेकेदाराकडून अनामत घ्यावी आणि दहिसर किंवा शिळफाट्याच्या वजनकाट्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय ती परत करू नये. इमारतीतून निघालेले टन आणि काट्यावर उतरलेले टन यांत फरक निघाला, तर तो फरक कोणत्या भूखंडावर पडला आहे हे शोधायला प्रभागातल्या एका माणसाची रात्रपाळी पुरेल.

आपला नम्र,
अर्जदार